निंदा की जागल?

वारकऱ्याला परनिंदा वर्ज्य. मग संपादकाने काय करावे? माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही, दुष्टपणा जावा एवढेच मागितले. औरंगाबादच्या ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव (१९१९–१९९१) निजामी राजवटीशी झगडले, आणीबाणीत तुरुंगात गेले. बलवानाचा दोष तोंडावर सांगून त्याची किंमत स्वतः मोजली. याला निंदा कसे म्हणावे? आपल्या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकाला नावही त्यांनी पसायदानातले दिले, ‘मांदियाळी’.

पण १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराला त्यांच्या पत्राने विरोध केला. त्याच दिवसांत मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. तिथे किंमत मोजणारे दुसरेच होते. हे आठवले की पंढरीत चोखोबांच्या समाधीपाशी पाय थबकतात. ती महाद्वाराच्या बाहेर आहे.