‘आम्ही’ म्हणण्याची किंमत

फुटबॉलचा चाहता ‘माझा संघ जिंकला’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘आम्ही जिंकलो.’ त्याने चेंडूला पाय लावलेला नसतो, अनेकदा तो सामना फोनवर बघत असतो, तरी त्याला कोणी टोकत नाही. हा ‘आम्ही’ म्हणण्याचा हक्क आपल्याला कशामुळे मिळतो? आणि तो हक्क घेतला की सोबत आणखी काय घ्यावं लागतं? तुर्कस्तानातल्या बुर्सास्पोर या क्लबचा इतिहास या प्रश्नाला फार सरळ भिडतो.

बुर्सा हे मार्मारा समुद्राच्या दक्षिणेचं शहर. एकेकाळची ऑटोमन राजधानी, पूर्वी रेशमासाठी आणि आता मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. १९६३ साली इथले पाच स्थानिक क्लब एकत्र आले आणि हिरव्या-पांढऱ्या रंगांचा एकच संघ उभा राहिला. म्हणजे इथला ‘आम्ही’ जन्मालाच पाच जुने ‘आम्ही’ विसर्जित करून आला.

तुर्कस्तानची व्यावसायिक लीग १९५९ मध्ये सुरू झाली आणि विजेतेपद इस्तंबूलच्या फेनरबाह्चे, गलातासराय आणि बेशिक्ताश या तिघांतच फिरत राहिलं. १९७६ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या त्राब्झोनस्पोरने ती मक्तेदारी मोडली. त्यानंतर इस्तंबूलबाहेरच्या आणखी एका क्लबचं नाव त्या यादीत यायला २०१० उजाडावं लागलं.

१६ मे २०१०, हंगामाचा शेवटचा दिवस. फेनरबाह्चे एका गुणाने पुढे होता. त्याचा सामना त्राब्झोनस्पोरशी १-१ असा सुटला आणि स्टेडियममध्ये घोषणा झाली की तिकडे बुर्सास्पोरही बरोबरीत अडकला आहे. लोक मैदानात उतरून नाचू लागले. घोषणा चुकीची होती. बुर्सास्पोरने बेशिक्ताशला २-१ असं हरवलं होतं आणि विजेतेपद बुर्साला गेलं होतं. त्या रात्री अख्खं शहर ‘आम्ही जिंकलो’ म्हणत होतं.

जिंकल्यावर ‘आम्ही’ म्हणायला काहीच पडत नाही. खरी परीक्षा पुढे होती. कर्जाच्या ओझ्याखाली क्लब ढासळत गेला. २०१९ मध्ये तो वरच्या श्रेणीतून खाली आला, २०२२ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला आणि २०२४ मध्ये चौथ्या. चौदा वर्षांपूर्वी ज्याने देश जिंकला, तो आता लहान गावांच्या संघांशी खेळत होता. तरीही घरच्या सामन्यांना गर्दी चाळीस हजारांच्या घरात जात राहिली. २०२५ मध्ये क्लब पुन्हा एक पायरी चढला, तेव्हा हा आनंद या लोकांनी पडझडीत सोबत राहून कमावला होता, असं म्हणावंसं वाटतं. हक्काचं पहिलं उत्तर इथे मिळतं. हरताना जो निघून जात नाही, त्याला जिंकल्यावर ‘आम्ही’ म्हणता येतं.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण याच पडझडीच्या मधोमध ५ मार्च २०२३ हा दिवस आहे.

त्या दिवशी बुर्सामध्ये अमेदस्पोरशी सामना होता. अमेदस्पोर हा दियारबाकिर या कुर्दबहुल शहराचा संघ. ‘अमेद’ हे त्या शहराचं कुर्दिश नाव. फेब्रुवारीतल्या भीषण भूकंपाला जेमतेम महिना झाला होता आणि त्याची झळ दियारबाकिरलाही बसली होती. अशा पाहुण्यांवर बाटल्या आणि फटाके फेकले गेले. प्रेक्षकांत एका पांढऱ्या मोटारीचं चित्र झळकवलं गेलं. नव्वदच्या दशकात अशाच पांढऱ्या मोटारींतून कुर्द माणसं उचलून नेली जात आणि त्यातली कित्येक परत आली नाहीत. ते चित्र म्हणजे उघड धमकी होती. पुढे महासंघाने क्लबला प्रेक्षकबंदीची शिक्षा दिली.

अशा वेळी कुठल्याही चाहत्याच्या तोंडी येणारं वाक्य आपल्या ओळखीचं आहे : ‘ते काही मोजके लोक होते.’ इथे सर्वनाम बदललं. गोल दुसऱ्याने मारला तर ‘आम्ही’, आणि बाटली दुसऱ्याने मारली तर ‘ते’. दोन्ही वेळा आपण फक्त बघत होतो. मग एकात वाटा आणि दुसऱ्यात नाही, हे कसं?

यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्याने काही केलं नाही त्याला दोषी कसं धरायचं? धरू नयेच. हाना आरेंट या विचारवंत बाईंनी दोष आणि जबाबदारी यांत फरक केला होता. दोष करणाऱ्याचा असतो. सगळ्यांना दोषी म्हटलं की खरा गुन्हेगार गर्दीत सुटतो. जबाबदारी मात्र आपण ज्या समूहाचे म्हणवतो त्याच्या नावाने जे घडतं त्याचीही असते. बाटली न फेकणारा बुर्साचा चाहता दोषी नाही. पण त्याच्या झेंड्याखाली, त्याच्या रंगांत ती फेकली गेली, आणि ‘हे आमच्या नावाने चालणार नाही’ हे त्याच्याइतक्या अधिकाराने दुसरं कोणी सांगू शकत नाही. अमेदस्पोरचा माणूस ओरडला तर तो शत्रू ठरतो. चौथ्या श्रेणीतही पाठ न फिरवणारा ओरडला, तर त्याला परका कोण म्हणेल?

म्हणून निष्ठा हा आपोआप सद्गुण होत नाही. ती प्रेम किती घट्ट आहे ते सांगते, ते कशाच्या कामी येतंय ते सांगत नाही. कुणी म्हणेल, एवढ्या घट्ट ‘आम्ही’ला समोर एक शत्रू लागतोच. बुर्साचीच दुसरी प्रथा याला उत्तर देते. राजधानीच्या आंकारागुजू या क्लबच्या चाहत्यांशी त्यांची अनेक वर्षांची मैत्री आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटवर आंकाराचा क्रमांक ०६ आणि बुर्साचा १६. बुर्साचे लोक सहाव्या मिनिटाला आंकारागुजूच्या नावाचा जयघोष करतात, आणि आंकाराचे लोक सोळाव्या मिनिटाला बुर्साच्या नावाचा. तीच गर्दी, तेच गळे.

हे फुटबॉलपुरतं नाही. जात, भाषा, गाव, पक्ष, कॉलेज, देश : आपण दिवसभर ‘आम्ही’ म्हणत असतो, आणि अभिमानाच्या पोस्टवर हा शब्द किती सहज टाइप होतो. आपल्यातलंच कोणी धमकीचं चित्र उंचावेल, तेव्हाही तोच शब्द तोंडात राहतो का, एवढं तपासायचं. ‘आम्ही हे केलं, आणि आम्हीच हे थांबवू’ असं म्हणता आलं नाही, तर ‘आम्ही जिंकलो’ म्हणतानाही थोडं अडखळायला हवं.