सोंग उतरल्यावरची जत्रा

जत्रेत तुला सगळ्यात जास्त काय आवडतं, असं लहानपणी कुणी विचारलं असतं तर मी आकाशपाळणा म्हणालो असतो. आजही तेच म्हणेन, फक्त सकाळी सहाचा. बंद असलेला.

आमचं बिडकीन संभाजीनगर-पैठण रस्त्यावर, साधारण निम्म्या वाटेवर. फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की संत एकनाथांच्या दिंड्या आमच्या दारावरूनच पैठणला जातात. आम्ही मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जायचो. सोबत भाकरींचं गाठोडं, ठेच्याची बरणी, दोन गोधड्या आणि एक ताडपत्री. षष्ठीला गेलं की अष्टमीचा काला करूनच परतायचं. म्हणजे दोन रात्री गोदेच्या वाळवंटात, ट्रॉलीच्या खाली. शेजारी पाळणे, मौत का कुआँ, रेवड्यांची दुकानं. जत्रेतल्या झगमगाटाला लागून असलेलं ते आमचं रिसॉर्ट होतं, असं आता म्हणायला हरकत नाही. फक्त शॉवर नदीत होता.

रात्री कुआँतला फटफटीवाला हात सोडून गाडी चालवायचा. वरून लोक दहाची नोट पुढं करायचे, ती तो उभ्या भिंतीवर फिरताफिरता उचलायचा. आम्हा पोरांना तो देवच वाटे. सकाळी उठून पाहिलं तर देव बनियनवर बसून स्टोव्हला पिन मारत होता. त्याच्या तळहाताला फडकं गुंडाळलेलं. पाळणेवाल्याची पोरगी सगळ्यात खालच्या पाळण्यात गोधडी पांघरून झोपली होती, आणि तिला जागं करायचं नाही म्हणून तिचा बाप वंगण घालायचं काम वरच्या बाजूनं करत होता. मी तिथं उभा राहून किती वेळ पाहत होतो कोण जाणे. रात्रीच्या चकरांना तिकीट पडलं होतं. हे फुकट होतं, आणि मुक्कामाला राहिलेल्यालाच दिसणारं होतं.

थीम पार्क या शब्दातल्या ‘थीम’ला मराठीत काय म्हणायचं यावर मी बराच विचार केलाय. विषय, कल्पना, सूत्र हे सगळे शब्द कागदी वाटतात. आपल्याकडं त्याला जुना शब्द आहे, सोंग. ज्यांची षष्ठी भरते त्या नाथांनीच भारुडात जोशी, वासुदेव, महारीण, वेडी, आंधळा अशी कितीतरी सोंगं आणली. पण भारुडातलं सोंग लोकांच्या समोर चढतं आणि समोरच उतरतं. लुगडं नेसून आलेल्या माणसाच्या मिशा सगळ्यांना दिसत असतात. त्या दिसतात म्हणूनच गंमत येते, आणि गमतीच्या आडून अध्यात्म गळी उतरतं.

वॉल्ट डिस्नेला मिशा दिसलेल्या चालत नसत. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड जुलै 1955 मध्ये उघडलं. तिथं भविष्याच्या नगरीतून एक काउबॉयच्या वेषातला कामगार आपल्या कामावर चालत जाताना दिसला आणि साहेब अस्वस्थ झाले, अशी गोष्ट सांगतात. म्हणून पुढं फ्लोरिडातलं पार्क बांधताना आधी जमिनीच्या पातळीवर बोगद्यांचं जाळं बांधलं आणि त्याच्या डोक्यावर पार्क. शेजारी तळं खोदलं, त्यातून निघालेली माती बोगद्यांभोवती भरून सगळी जमीनच उंच केली. पाहुणे जिथं चालतात तो खरं तर दुसरा मजला आहे. कामगारांचं जाणं-येणं, कपडे बदलणं, कचरा, सगळं खाली. आमचा फटफटीवाला तिथं असता तर त्याचा स्टोव्ह बोगद्यात पेटला असता.

मी फ्लोरिडाला गेलेलो नाही, जाण्याची शक्यताही दिसत नाही. तरी न पाहिलेल्या हॉटेलांतलं आवडतं कुठलं असं विचाराल तर तिथलं काँटेम्पररी. पार्कसोबतच, ऑक्टोबर 1971 मध्ये ते सुरू झालं. इंग्रजी ए अक्षरासारखी इमारत, आणि तिच्या पोटातून मोनोरेल आरपार जाते. लोखंडी सांगाडा आधी उभा केला, खोल्या दुसरीकडं तयार करून आणल्या आणि टेबलाला खण बसवावेत तशा त्यात सरकवल्या. गाडी घरातून जाते ही कल्पना रुळाकाठी घर असलेल्याला नवी नाही, पण तिथं त्याचे जादा पैसे पडतात. त्याच मुलखात 2001 पासून दुसरं एक हॉटेल आहे, तिथं बाल्कनीतून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. आमच्याकडं बाजेवरून उठल्या उठल्या म्हैस दिसते, ती गोष्ट वेगळी.

थट्टा बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतो. बागेला किंवा पार्कला हॉटेल लागतं कशाला? रात्रीचा निवारा म्हणून, एवढंच उत्तर पुरत नाही. डिस्नेलँडच्या भोवतीची जमीन डिस्नेकडं नव्हती. त्याच वर्षी शेजारी उभं राहिलेलं डिस्नेलँड हॉटेलही नावापुरतंच त्यांचं, ते जॅक रॅदर नावाच्या टीव्ही निर्मात्यानं बांधलेलं. आसपास मोटेलांची आणि त्यांच्या रंगीबेरंगी पाट्यांची गर्दी झाली. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की सोंग संपलं. फ्लोरिडात ती चूक सुधारली. वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून, कोण घेतंय याचा पत्ता लागू न देता 27 हजारांहून अधिक एकर जमीन घेतली आणि नोव्हेंबर 1965 मध्ये जाहीर केली. त्याच्या आदल्याच महिन्यात, 18 ऑक्टोबर 1965 ला, लालबहादूर शास्त्रींनी आमच्या जायकवाडी धरणाचा पाया घातला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला या दोन तारखा शेजारी ठेवायला आवडतात. तिकडं सोंगासाठी जमीन गेली. इकडं पाण्यासाठी सुमारे 35 हजार हेक्टर गेली, आणि त्या पाण्याच्या पायथ्याशी पुढं बाग झाली.

ती बाग म्हणजे ज्ञानेश्वर उद्यान. म्हैसूरच्या वृंदावन बागेवरून बेतलेलं. वृंदावनही धरणाखालचंच. कृष्णराजसागराच्या पायथ्याशी मिर्झा इस्माईल दिवाण असताना ते आखलं गेलं, 1932 ला पुरं झालं. तिकडं बागेच्या काठावर जुनं हॉटेल आहे, कारंजी आणि दिवे विझल्यावरही माणूस त्या बागेत राहू शकतो. आपण कारंजी उचलली, मुक्काम उचलला नाही. राहायची सोय असो नसो, आमच्या पंचक्रोशीतलं कुणी उद्यानासाठी पैठणला रात्र काढत नाही. शाळेची सहल यायची, पोरं कारंज्यावर नाचायची, मास्तर शिट्टी मारायचे, एसटी ढोरकीनच्या पुढं आली की निम्मी पोरं झोपलेली असायची. उद्यान आम्हाला आवडतं, पण पाहुण्यासारखं.

मुंबईचं तेच. एस्सेलवर्ल्ड 1989 ला गोराईला निघालं आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातीमुळं मराठवाड्यातल्या पोरांना ते तोंडपाठ होतं. मी गेलो ते नववीत. मावशीची डोंबिवलीत दोन खोल्यांची जागा, ते आमचं हॉटेल. पहाटे लोकल, दादरला गाडी बदल, बोरिवली, बस, मग खाडीतली बोट. परतीला बोटीतून मागं पाहिलं तेव्हा दिवे लागत होते, म्हणजे ज्याच्यासाठी आलो ते सुरू होताना आम्ही निघालो होतो. 2022 मध्ये ते बंद पडलं. मला त्यातले पाळणे फारसे आठवत नाहीत. मावशीनं रात्री गॅलरीत टाकलेली सतरंजी आठवते, आणि शेजारच्या बिऱ्हाडातला रेडिओ.

आवडत्यांची यादी करायचीच तर भीतीच्या खात्यात मी दौलताबाद किल्ल्यातली अंधारी वाट घालीन. खोपोलीजवळच्या इमॅजिकात सलीमगढ नावाचा एक बनवलेला झपाटलेला किल्ला आहे. त्यात माणसं किंचाळतात आणि बाहेर येऊन हसतात, चांगलं जमलंय ते. पण घरापासून तासाभरावर खरा किल्ला असणाऱ्याला ते पचायला जड जातं. अंधारीत वाघळांचा वास नाकात बसतो, पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, आणि वाटाड्या उजेड विझवून सांगतो की इथं वाट फुटते, शत्रू इथं आपसातच कापले जायचे. ती वाट कुणाची करमणूक व्हावी म्हणून वळलेली नाही. तिथं सोंग घेतलं असेल तर कातळानं, आणि तेही मारण्यासाठी. तिकीट काढून आपण त्या हेतूतून सुखरूप बाहेर येतो, याचं थोडं अवघडलेपण मला दर वेळी वाटतं.

इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं, आणि दोन वर्षांनी त्याला लागून नोव्होटेलचं हॉटेल, 287 खोल्यांचं. बहिणीला कंपनीकडून कूपनं मिळाली म्हणून आम्ही तिथं दोन रात्री राहिलो, आईसह. नाहीतर आपल्यात म्हणतात तसं, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही. आम्ही नायट्रोच्या रांगेत, मिस्टर इंडियाच्या रांगेत, डायनासोरच्या होडीत भिजायच्या रांगेत. आई खोलीत. पहिल्या दिवशी वाटलं तिला बरं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की ती खोलीच पाहत होती.

पहिल्या सकाळी सवयीनं तिनं चारला उठून पलंग आवरला, चादरीच्या घड्या घातल्या, मोरीला मारतात तसा कोरडा हात न्हाणीघराला मारला. साफसफाईला आलेली मुलगी पाहतच राहिली. दुसऱ्या दिवशी आईनं ठरवून काही केलं नाही. खुर्चीत बसून तिनं ती मुलगी पलंग कसा करते ते पाहिलं. गादीच्या कोपऱ्यात चादर दुमडून आत कशी खोचायची, हे तिला तेव्हा कळलं. मुलगी कर्जतकडची होती, दिवसाला किती खोल्या करते, कंबर केव्हा धरते, हे सगळं आईला दुपारपर्यंत पाठ झालं. पन्नास वर्षं दुसऱ्यांची अंथरुणं घालणाऱ्या बाईसमोर कुणीतरी तिचं अंथरूण घालत होतं, हा तिचा पाळणा होता. त्यात बसून ती वर गेली होती की खाली आली होती, ते मला अजून सांगता येत नाही.

त्यामुळं माझ्या मताला तेव्हापासून जरा खळगा पडलाय. सोंग उतरलेलं पाहायला मला आवडतं, कारण मला सोंगाची तेवढी गरज पडली नाही. जिची पडली तिनं दोन्ही केलं. सोंगाचा मान घेतला आणि सोंग वठवणारीची कंबरही विचारली.

वॉल्ट डिस्नेला फ्लोरिडात मुळात पार्कपेक्षा शहर हवं होतं. एपकॉट. 20 हजार लोक राहतील, कारखाने काठावर, माणसं घरून सहज कामावर जातील, सगळं उद्याचं. डिसेंबर 1966 मध्ये ते वारले. कंपनीला शहर झेपलं नाही आणि 1982 मध्ये त्याच नावाचं आणखी एक पार्क उघडलं. लोक उद्याचं शहर संध्याकाळपर्यंत पाहतात आणि हॉटेलवर परततात. हे वाचताना मला हसू आलं नाही, कारण आमच्या बिडकीनच्या शिवारातही उद्याचं शहर चालू आहे. ऑरिक नावाची औद्योगिक नगरी. आमचा भाग 7,855 एकरांचा, सप्टेंबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी दुरूनच त्याचं लोकार्पण केलं. राहत्या घरापासून चालत कामावर, हे शब्द इथल्याही पत्रकांत आहेत. मोठमोठ्या कंपन्यांची नावं येतायत, काहींचं काम सुरू आहे. तोवर आमच्यासाठी ऑरिक म्हणजे रस्ते. एवढे रुंद आणि एवढे मोकळे की संध्याकाळी गावातली पोरं गाडी शिकायला तिथं येतात, कुणी रील काढतं, म्हातारी माणसं फिरतात. ज्यांची शेतं त्यात गेली तीही फिरतात, आणि अमुक खांबापाशी आमची विहीर होती असं दाखवतात. हे आमचं सध्याचं पार्क, प्रवेश मोफत.

मागच्या उन्हाळ्यात आईला तिथं घेऊन गेलो. दिवे एकदम लागले, लांबवर सरळ रेषेत, खाली चिटपाखरू नाही. ती दुभाजकाच्या कडेला बसली, जरा वेळ पाहत राहिली.

“इथं रातीला झोपतं कोण रे?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, अजून कुणी नाही. पण एका खांबाच्या उजेडात पत्र्याची टपरी होती, आणि टपरीपुढं तीन विटांच्या चुलीवर वॉचमन भाकरी थापत होता. जिंतूरकडचा माणूस. आई उठून तिकडं गेली. पीठ सैल झालंय, असं तिनं त्याला सांगितलेलं मला लांबूनही ऐकू आलं.