पाटावरची जागा

खंडेनवमीला पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर जाणं झालं. पाटावर दोन जुने कोयते, एक कोरा, विळा, कुऱ्हाड. सगळ्यांना हळदीकुंकवाची बोटं. कडेला धाकटीची पाटी, तिच्यावर एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती. थोरला नुकताच दहावी झालेला. गेल्या वर्षी त्याचीही वह्या-पुस्तकं पाटावर होती म्हणे. यंदा नव्हती. आईनं कोऱ्या कोयत्यावर झेंडूचं फूल ठेवलं. कुणी काही बोललं नाही.

पोरगं मोठं झालं हे आपल्याकडे कुणी जाहीर करत नाही, ते सणावारी कळतं. शहरात पहिल्या पगारातून बहिणीला ओवाळणी घातली की कळतं. पाथर्डी-शेवगावच्या जिरायत पट्ट्यात दसऱ्याला, कारण मोहट्याच्या देवीची यात्रा उरकली की ऊसतोड मजुरांच्या गाड्या साखर कारखान्यांकडे निघायला लागतात. आपलं सीमोल्लंघन वेशीबाहेरच्या आपट्यापाशी संपतं. यांचं पाच-सहा महिने चालतं, आणि दिवाळी बहुधा कोपीतच, तिथल्या तात्पुरत्या झोपडीत होते. (आपल्या करंज्यांत पिठीसाखर असतेच.)

याच जिल्ह्यात प्रवरेकाठी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा अभिमान आपण शाळेपासून सांगत आलो. मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबाचा धडा मात्र पुस्तकात नव्हता: नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा आला तर अर्धा. म्हणजे पोराला पुरता कोयता व्हायला लग्न हवं. मुलीला अठरा, मुलाला एकवीस ही कायद्याची अट मग हंगामाच्या तोंडावर अनेक घरांत वाकते. मुलीला तर पाटावर अशी जागाही मिळत नाही. कडेवर धाकटं भावंड आलं की ती मोठी.

आईबापाला बोल लावणं सोपं आहे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, मागे पोरांना सांभाळायला कुणी नसतं, हंगामी वसतिगृहं सगळ्यांना पुरत नाहीत. तरी एक गोष्ट खटकत राहिली. मोठं झालं की माणसाला विचारतात, अशी आपली समजूत. हा थोरला मोठा झाला तो न विचारताच.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी, सोनं द्यायला तो आधी मुकादमाच्या ओट्यावर गेला. पानं दिली, वाकून पाया पडला. मुकादमानं ‘सोन्यासारखा राहा’ म्हणत खांद्यावर हात ठेवला, आणि जरा दाबून पाहिला.