हेतू आणि मुदत

आपल्या धर्मकृत्यांत पूजेला आरंभ होण्यापूर्वी जो संकल्प सोडला जातो, त्याकडे यजमानाचे लक्ष बहुधा नसते. पळीने उजव्या तळहातावर पाणी घ्यावे, गुरुजी सांगतील तसे शब्द उच्चारावे आणि ते पाणी ताम्हनात सोडावे, एवढाच काय तो त्याचा वाटा. मन तोवर स्वयंपाकघरातल्या नैवेद्यात आणि पंगत किती वाजता बसेल या विवंचनेत गुंतलेले असते. परंतु त्या शब्दांची रचना एकदा स्वस्थपणे न्याहाळली, तर ती रचणाऱ्यांच्या दृष्टीचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही. ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या उत्तरार्धापासून, श्वेतवाराह कल्पापासून आणि वैवस्वत मन्वंतरापासून निघालेले ते वाक्य कलियुगाच्या पहिल्या चरणात उतरते. जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य अशा पायऱ्या उतरत गोदावरीच्या एका तीरावर येते. शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र यांची नोंद करून यजमानाचे गोत्र आणि नाव घेते. हे सारे कशासाठी, ते सांगते. आणि अखेरीस इतकेच म्हणते की, आज मी हे अमुक कर्म करीन. सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघालेले वाक्य एका माणसाच्या एका सकाळच्या कामावर येऊन पूर्ण होते.

आपण आपल्या आयुष्यात जी उद्दिष्टे ठरवतो, त्यांत या वाक्याचा बहुतेक सारा भाग गाळलेला असतो. वर्षारंभी नवी वही उघडून वजन किती उतरवायचे, बढती केव्हा मिळवायची, घराचे कर्ज किती वर्षांत फेडायचे याची यादी आपण करतो. तीत वाईट असे काहीच नसते, परंतु मी कोठे उभा आहे, कोणाचा आहे आणि हे कशाकरिता करणार आहे, या तिन्ही प्रश्नांना बगल देऊन आपण थेट ‘करीन’ या क्रियापदाशी येतो. याच्या उलट, काही विचारी माणसे वाक्याच्या पूर्वार्धातच अडकून राहतात. जीवनाचा हेतू एकदा निःसंदिग्धपणे कळला म्हणजे मग कामाला लागू, असे ती म्हणतात आणि त्या साक्षात्काराची वाट पाहण्यात वर्षे निघून जातात. पहिल्याचे कर्म निराधार राहते, दुसऱ्याचा विचार निष्फळ ठरतो. आणि दोघांनाही शेवटी एकाच प्रकारची रिक्तता जाणवते.

हेतू शोधावयाचा म्हणजे नेमके काय शोधावयाचे, याविषयी आपल्या परंपरेने दिलेले उत्तर आजच्या उत्तराहून पुष्कळच वेगळे आहे. आज माणसाला विचारले जाते की, तुला काय आवडते, तुझ्या अंगी कोणते विशेष गुण आहेत, कशात तुझे मन रमते. वैदिक परंपरेने मात्र माणूस जन्मतो तोच ऋण घेऊन जन्मतो असे मानले: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण, पुढे त्यांत मनुष्यऋणाचीही भर पडली. या कल्पनेतील कर्मकांडाचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातील मर्म टिकून राहते. आवडीचा शोध माणसाला स्वतःकडे वळवतो आणि तेथे त्याला रोज नवी आवड सापडते. ऋणाचा शोध त्याला बाहेर नेतो आणि तेथे ठरावीक माणसे, ठरावीक गावे आणि ठरावीक उपकार उभे असतात. कोणाच्या कष्टावर मी शिकलो, कोणत्या अन्यायाचा लाभ मला न मागता मिळाला, माझ्या घरातल्या कोणाचे आयुष्य माझ्या सोयीखातर आखूड झाले, या प्रश्नांची उत्तरे देण्यास प्रतिभा लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो. म्हणूनच हेतूचा प्रश्न थोरामोठ्यांपुरता राहत नाही. कचेरीतल्या कारकुनालाही तो तितकाच लागू पडतो.

धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1858 साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला आणि दापोलीजवळच्या मुरूडला वाढलेला हा बुजऱ्या स्वभावाचा मुलगा 1884 मध्ये गणित घेऊन पदवीधर झाला, तेव्हा त्याच्यापुढे जगाच्या उद्धाराची काही योजना होती असे दिसत नाही. मात्र आपल्या गावाचे आपण काही लागतो, ही जाणीव त्याच्या मनात पक्की होती. मिळकतीतला ठरावीक अंश गावाच्या कामासाठी बाजूला ठेवण्याचा नेम त्याने लवकरच धरला आणि त्यातून ‘मुरूड फंड’ उभा राहिला. ऋण ओळखणे आणि त्याचा हप्ता ठरवणे, या दोन्ही गोष्टी या लहानशा व्यवहारात एकत्र आलेल्या आहेत.

1891 मध्ये त्यांची पहिली पत्नी राधाबाई निवर्तली. विधुराने कुमारिकेशी पुन्हा लग्न करावे आणि विधवेने मात्र जन्मभर कोपऱ्यात बसावे, हा त्या काळचा राजरोस न्याय. कर्व्यांनी 1893 मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी बहिष्कार घातला. ज्या गावाचे ऋण फेडण्यासाठी पैसा साठवला, त्याच गावाचे दार बंद झाले. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. इथवरची हकीकत एखाद्या निश्चयी सुधारकाची आहे आणि असे सुधारक त्या पिढीत आणखीही होते. विचार करण्याजोगे आहे ते पुढचे.

विधवांचे विवाह लावणे हे उद्दिष्ट स्वच्छ होते, मोजता येण्यासारखे होते आणि त्यासाठी कर्व्यांनी स्वतःच्या घरादाराची किंमत मोजली होती. तरीही थोड्याच काळात त्यांच्या ध्यानात आले की, या मार्गाने हाताशी येणारे विवाह मोजकेच; समाजाचा रोष मात्र असा की, ज्यांना पुनर्विवाह करावयाचा नाही किंवा करणे शक्य नाही, अशा असंख्य स्त्रियांपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद व्हावी. त्यांनी मंडळीचे नाव बदलून विवाहाच्या मार्गातील प्रतिबंध दूर करण्यापुरते काम आखले आणि 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढून विधवांच्या शिक्षणाकडे आपला सारा मोहरा वळवला. 1900 मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. दिवसा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावे, सायंकाळी चिखल तुडवीत, सामान वाहून नेत हिंगणे गाठावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉलेजास हजर व्हावे, असा क्रम कित्येक दिवस चालला. 1907 मध्ये अविवाहित मुलींसाठी महिला विद्यालय, 1908 मध्ये कार्यकर्ते घडवण्यासाठी निष्काम कर्म मठ, 1916 मध्ये महिला विद्यापीठ. आणि वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, 1936 मध्ये, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ. एका आयुष्यात उद्दिष्टे किती वेळा बदलली, हे पाहिले म्हणजे धरसोडीचा आरोप करण्याचा मोह एखाद्याला होईल. परंतु सूत्र एकच होते: ज्यांना समाजाने विद्येच्या दारातून परत पाठवले, त्यांचे देणे फेडावयाचे.

हेतूचे खरे कार्य काय, ते येथे कळते. उद्दिष्टाला चिकटून राहण्याचे बळ हेतू देतो, असे आपण सर्रास म्हणतो आणि ते खोटे नाही. पण चिकाटी काय, हट्टी माणसालाही येते आणि लोभी माणसाला तर ती विशेष येते. उद्दिष्ट मोडण्याचा अधिकार मात्र हेतूवाचून कोणालाही मिळत नाही. ज्याला हेतू नाही, त्याचे उद्दिष्ट हेच सर्वस्व असते. ते सोडले तर त्याच्यापाशी उरत काही नाही, म्हणून ते व्यर्थ ठरल्यानंतरही तो त्याला कवटाळून बसतो. मोठ्या पगाराची नोकरी कुटुंबाच्या सुखासाठी म्हणून धरलेली असते आणि तीच कुटुंबाला पारखी करते, तरी ती सुटत नाही, याचे कारण हेच की, कुटुंबाचे सुख हा हेतू तोंडी लावण्यापुरता होता, कारभार सगळा उद्दिष्टाच्या हाती होता.

मग फेरफार आणि पळवाट यांत भेद कसा करावयाचा? आळशी माणूसही आपला मार्ग बदलतो आणि त्यालाही तत्त्वज्ञान सुचतेच. माझ्या मते याला दोन कसोट्या पुरेशा आहेत. ज्यांचे ऋण फेडावयाचे ती माणसे बदलानंतर तीच राहिली काय, ही पहिली. आणि बदलामुळे आपल्या अंगावरचा भार कमी झाला की वाढला, ही दुसरी. कर्व्यांनी विवाहाचे काम आवरते घेतले तेव्हा विधवा सुटल्या नाहीत, उलट अधिक विधवा पदरात आल्या. आणि त्यांचा स्वतःचा भार इतका वाढला की, तो आनंदीबाईंना आणि मुलांनाही वाहावा लागला. या शेवटच्या गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. ‘माझे पुराण’ हे आनंदीबाईंचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला त्या थोर हेतूची घरगुती बाजूही दिसते. बाहेरचे ऋण फेडताना घरात नवे ऋण साठत असते, आणि ज्याचा हिशेब मोठा त्याने या रकान्याची रुजुवात अधिक काळजीने केली पाहिजे.

येथे वेदान्ताची बाजू घेणारा एक आक्षेप उभा राहतो. फळाची आशा सोडून कर्म करावे असे ज्या गीतेने सांगितले, तिच्या अनुयायाने साध्य ठरवावे, मुदत घालावी, वर्षाअखेरीस प्रगती मोजावी, ही सारी फलासक्तीच नव्हे काय? मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी गीतेचा कल कर्मत्यागाकडे नसून कर्मयोगाकडे आहे, हे विस्ताराने प्रतिपादिले, त्या विवेचनाचा आधार घेऊन असे म्हणता येते की, निष्काम म्हणजे निष्काळजी नव्हे. फळावरची आसक्ती सुटली म्हणून कामाची आखणी सुटत नाही. उलट ज्याला फळाचा लोभ नाही, त्याला आपल्या कामातील तूट निर्भयपणे मोजता येते, कारण ती तूट म्हणजे त्याच्या अहंकाराचा पराभव नसतो. परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून मुरूडहून साताऱ्याला पायी गेलेल्या सतरा वर्षांच्या कर्व्यांना, वयाने लहान दिसतोस एवढ्याच सबबीवर, परीक्षेला बसू दिले गेले नाही. चालणे त्यांच्या हाती होते, परीक्षकाचे डोळे नव्हते. मुदत आणि मोजदाद ही चालण्याची करावयाची असते.

आपल्या व्रतवैकल्यांच्या व्यवस्थेत हे शहाणपण सामान्य माणसापर्यंत पोहोचवण्याची फार चांगली तजवीज आहे. चातुर्मासात अमुक वर्ज्य करीन, लक्ष वाती वाहीन, सोळा सोमवार करीन, असा जो नेम आपल्या आज्या-पणज्या धरीत, त्यात संख्या ठरलेली असे, काल ठरलेला असे, आणि मुख्य म्हणजे शेवट ठरलेला असे. सोळा सोमवार झाले की सतराव्या सोमवारी उद्यापन. जोडपे जेवू घालावे, दक्षिणा द्यावी आणि त्या व्रतातून मोकळे व्हावे. धर्म संपत नाही, पण व्रत संपते. आधुनिक माणसाने उद्यापनाची ही युक्ती गमावली आहे. त्याचे कोणतेच उद्दिष्ट विधिपूर्वक संपत नाही. एक गाठले न गाठले तोच दुसरे सुरू होते, किंवा न गाठलेले तसेच मनाच्या दप्तरात तहकूब पडून राहते आणि दरवर्षी थोडी अधिक लाज साठवते. हेतूला मुदत नसावी आणि उद्दिष्ट बेमुदत नसावे, हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ क्लेश वाचतील. उत्तम बाप होईन, हे उद्दिष्ट होऊ शकत नाही, कारण त्याचे उद्यापन कोणत्या दिवशी करावयाचे? येत्या श्रावणापर्यंत रोज रात्री अर्धा तास मुलाशेजारी बसून त्याचे ऐकून घेईन, याचे उद्यापन करता येते, आणि त्या दिवशी बापपणाविषयी आधी न कळलेले असे काहीतरी कळलेलेही असते.

कळण्याचा हा क्रम महत्त्वाचा आहे. विधवांना लग्नापेक्षाही विद्येची गरज अधिक आहे, हे कर्व्यांना चिंतनाने उमगले नाही; विवाहाच्या कामात पडून त्याच्या मर्यादा अनुभवल्या तेव्हा उमगले. महिला विद्यापीठाची कल्पना हिंगण्याच्या झोपडीत प्रथम आली असती, तर ती दिवास्वप्न म्हणून तेथेच विरली असती; वीस वर्षे आश्रम चालवलेल्या माणसाने ती मांडली म्हणून 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्यासारख्या व्यवहारी उद्योगपतीने तिच्यासाठी पंधरा लाखांची देणगी दिली. हेतू हा प्रथम अस्पष्टच असतो. एकेक मर्यादित कर्म पुरे होत जाते तसतशी त्याची रेषा ठळक होते.

म्हणून ज्याला आपल्या आयुष्याची दिशा ठरवावयाची आहे, त्याने एकान्तात जाऊन महान उत्तराची प्रतीक्षा करण्यापेक्षा आपल्या डोक्यावरचे एक खरे ऋण नाव घेऊन सांगावे, ते फेडण्यासाठी आपल्या ऐपतीत बसेल असे एक काम घ्यावे, त्याला तारीख घालावी आणि ती तारीख आली म्हणजे जमाखर्च उघडून पाहावा. काम उपयोगी ठरले असेल तर त्याचे उद्यापन करून पुढचे घ्यावे. निरुपयोगी ठरले असेल तर लोकांच्या हसण्याची पर्वा न करता ते मोडावे, मात्र त्याच माणसांसाठी त्याहून भारी काम उचलावे. एवढे ज्याला साधले, त्याला आपल्या जीवनाचा हेतू काय, असे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. आणि ज्याने यातले काहीच केले नाही, त्याला ते उत्तर कोणी सांगितले तरी त्याचा काही उपयोग होत नाही.