उभ्या मोटारीचा खर्च

मोटार धावते तेव्हाच पैसा खाते, असा सर्वसाधारण समज आहे. पूर्वी गोव्यात बनणारी, दोनच आसनांची सॅन स्टॉर्म चंद्रपुरास बाळगून पाहावी. उन्हाने टायर उभ्या जागी तडकतात. रेनोच्या इंजिनाचा सुटा भाग दुरून मागवावा लागतो. १५ वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीचे शुल्क तर १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले. हौसेपायी हे सोसणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. हिशेबात बसली तर ती हौस कसली? परंतु पुढे गडचिरोलीत, जेथे पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेथे खेड्यातील एकुलती मोटार धन्याची एकट्याची राहत नाही. आजाऱ्यास न्यावयाचे तर दोन आसनांत निजवावे कोठे? ही रक्कम गॅरेजच्या बिलात येत नाही. ज्याच्या दारी दुसरे वाहन नाही त्याने स्टॉर्म घेऊ नये, असे आम्हांस वाटते. मग ती कितीही स्वस्त मिळो.