पुढच्यास ठेच

नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: तुमच्या हातून झालेली मोठी चूक सांगा आणि त्यातून काय शिकलात तेही सांगा. माझं उत्तर तयार असतं. ग्राहकांना पैसे परत करण्यासाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती एकाच रात्री दोनदा चालली आणि अनेकांना दुप्पट रक्कम गेली. तेव्हापासून, प्रोग्रॅम कितीही वेळा चालला तरी पैसे एकदाच जातील, याची मी काळजी घेतो. समोरचे मान डोलावतात. या उत्तरावर एक नोकरी मिळालीही आहे.

जे सांगत नाही ते असं: स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली रात्रपाळीच्या कंत्राटी मुलानं. स्क्रीन अडकल्यासारखी दिसली म्हणून. दोनदा चालू शकेल अशी ती लिहिली होती मी. अहवालात कारणाच्या रकान्यात मात्र मी ‘ऑपरेटरची चूक’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याचं कंत्राट वाढवलं गेलं नाही.

नंतर कधीतरी आरियान ५ च्या अपघाताबद्दल वाचलं. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून उडालेलं हे युरोपीय रॉकेट चाळीसेक सेकंदांत भरकटून नष्ट झालं. सोबत चार उपग्रहही गेले. कारण एका वाक्यात मावतं: ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवताना ती मावली नाही. त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या बसतच नाही. हा कोड आरियान ४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. तिथे तो यशस्वी ठरला होता, म्हणून इथे कुणी त्याच्यावर संशय घेतला नाही. पर्यायी यंत्रणेतही तोच कोड असल्यामुळे तीही त्याच कारणानं बंद पडली. गणितज्ञ जाक-लुई लिऑन्स यांच्या चौकशी मंडळाला ही संख्या सापडल्यावर काम संपवता आलं असतं. पण मंडळ पुढे गेलं. चूक सिद्ध होईपर्यंत सॉफ्टवेअर बरोबरच आहे, असं धरून चालण्याच्या वृत्तीवर त्यानं बोट ठेवलं.

मी मात्र पहिल्याच सोयीच्या कारणापाशी थांबलो होतो.

अपयश ही यशाची पहिली पायरी, असं आपण म्हणतो. त्या पायरीवर पडलं कोण आणि वर चढलं कोण, हे विचारत नाही. त्यापेक्षा ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण प्रामाणिक आहे. ठेच एकाला, शहाणपण दुसऱ्याला. माझं शहाणपण खरं आहे, पण त्याची फी त्या मुलानं भरली.

आता वाटतं, पुढच्या मुलाखतीत पूर्ण गोष्ट सांगावी. पण त्यानं त्याची नोकरी परत येणार नाही. उलट माझाच प्रामाणिकपणा उठून दिसेल आणि त्याच्या ठेचेचा मला दुसऱ्यांदा फायदा होईल. खरं बोलण्याची जागा मुलाखत नव्हतीच, ती अहवालातला तो रकाना होती. तिथे खरं लिहिण्याची किंमत मला मोजावी लागली असती.

हल्ली तो रकाना भरताना मी आधी स्वतःचं नाव लिहितो. मग पाहतो, ते खोडण्याइतकं कारण सापडतं का. बहुतेक वेळा सापडत नाही.