बिघाडांतील सख्य

जुनी मोटार बाळगणारा मनुष्य श्रीमंत असो वा नसो, एकटा मात्र कधींच नसतो, असें माझे एक स्नेही नेहमीं म्हणतात. या म्हणण्यांत थट्टा किती व सत्य किती, हें पाहण्याचा प्रसंग दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत बोरघाटांत मजवर आला. आणि तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत ठाण मांडून बसला आहे. ज्या सख्याचें मूळ गरजेंत आहे, त्याला सख्य म्हणावें कीं नुसता सोयीचा व्यवहार?

माझी गाडी फिएट अकराशेच्या कुळांतली. मुंबईच्या प्रीमियर कारखान्यानें 1974 पासून या गाडीस ‘पद्मिनी’ हें नांव दिलें, आणि चालू शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींनींहि 2023 च्या ऑक्टोबरअखेर, वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यामुळें, रस्त्याचा निरोप घेतला. आतां सुटे भाग मिळवावयाचे ते जुन्या बाजारांतून, नाहीं तर दुसऱ्या मालकाच्या माळ्यावरून. ज्याच्या माळ्यावर एखादा जास्तीचा पेट्रोलपंप पडून आहे, त्याला आमच्या मंडळींत कल्पवृक्षाची प्रतिष्ठा असते. अशा स्थितींत मालकांचें परस्परांशीं सख्य न जमलें तरच नवल. समान शील आणि समान व्यसन हीं सख्याचीं कारणें आपल्या जुन्या नीतिकारांनीं मानलींच आहेत. संस्कृतांत व्यसन म्हणजे छंदहि आणि संकटहि. जुनी मोटार हें दोन्ही अर्थांनीं व्यसन होय. माझ्या पत्नीस आणखी एक अर्थ ठाऊक आहे. तो येथें देण्याचें कारण नाहीं.

त्या दिवशीं मी मुंबईहून पुण्यास परतत होतों. खोपोली मागें टाकून घाट चढूं लागलों तोंच इंजिनानें दोन आचके दिले व तें बंद पडलें. दुपारचा एक वाजला होता. कितीएक मोटारी शेजारून निघून गेल्या. मग माझ्याच गाडीची एक धाकटी बहीण मागून येऊन थांबली व तिच्यांतून साठी उलटलेले एक गृहस्थ उतरले. साखर कारखान्यांत फिटर म्हणून उभा जन्म घालवून ते निवृत्त झाले होते. बॉनेट उघडण्यापूर्वीं त्यांनीं एकच प्रश्न विचारला, “साहेब, एकदोन दिवसांत कुणी हात लावला होता का हिला?”

मी म्हणालों, “छे, मुळींच नाहीं.”

हें असत्य होतें. आदल्याच संध्याकाळीं भावाच्या घराखालीं मीं स्वतः डिस्ट्रिब्यूटर उघडून पॉइंट घांसले होते; तेंहि पुस्तक पाहून, आणि पुतण्यांवर छाप पडावी या हेतूनें. परंतु तीस वर्षें वर्गांत दुसऱ्यांच्या चुका दाखवीत आलेला मी, आपण यंत्रांत बोटें घातलीं होतीं हें एका फिटरास सांगावयास लाजलों. त्यांनीं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. ऊन कडक, चढ लागलेला, आणि यंत्रास कोणी हात लावलेला नाहीं. तेव्हां नळींतील पेट्रोलची उष्णतेनें वाफ झाली असावी, हें त्यांचें अनुमान अगदीं रास्त होतें. एरवीं त्यांनीं ठिणगीच प्रथम पाहिली असती. पंपावर ओला फडका घालून वाट पाहिली, गाळणी धुतली, कार्बुरेटरचे जेट फुंकले. त्या उन्हांत पाऊण तास गेला. अखेर डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढलें. पॉइंटच्या तारेचें टोंक मीं नीट आवळलें नव्हतें. धक्क्यांनीं तें फिरून खालच्या पत्र्यास टेकलें होतें. दोन पॉइंट क्षणोक्षणीं विलग होऊन वीजप्रवाह तोडतात, म्हणून ठिणगी पडते. तें अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी असतें, पण सारें इंजिन त्यावर चालतें. तार पत्र्यास टेकल्यावर प्रवाह तुटेच ना. त्यांनीं तें टोंक दोन मिनिटांत जागीं बसविलें, चकचकीत पॉइंटांकडे क्षणभर पाहिलें, माझ्याकडे पाहिलें नाहीं, आणि म्हणाले, “आतां मारा बघूं सेल्फ.”

ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत मैत्रीचे तीन प्रकार मानले: उपयोगासाठीं, सुखासाठीं आणि सद्‌गुणासाठीं. पहिला प्रकार हलका. गरज सरली कीं तोहि सरतो. हें मीं विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें नि:शंकपणें शिकविलें. आतां शिकवितांना अडखळतों. मदतीस आलेल्या माणसास यंत्र आज कसें आहें तें दिसतें. काल त्याचें काय झालें हें फक्त मालकच जाणतो. म्हणजे तेथें उपयोग व्हावयाचा तोहि मालकाच्या सत्यावर अवलंबून. माझे जे विद्वान मित्र आहेत, ज्यांच्याशीं माझें सख्य वरच्या प्रकारचें आहे असें मी समजतों, त्यांच्यापुढें मीं आजवर किती गोष्टी झांकल्या असतील याचा हिशेब नाहीं. त्यानें संभाषण कोठें अडलें नाहीं. येथें एक शब्द खोटा निघाला आणि परक्या माणसाचा पाऊण तास मातींत गेला. हलकें म्हटलेलें सख्य सत्याविषयीं इतकें कडक असतें, हें मला कोणत्याहि भाष्यकारानें सांगितलें नव्हतें.

शिवाय त्या गृहस्थांस माझा उपयोग तरी कोणता? माझ्या माळ्यावर कांहीं नाहीं, आणि हाताचें कौशल्य तर त्यांनीं पाहिलेंच होतें. ‘आज तुला, उद्यां मला’ हा न्याय तेथें लागू पडत नव्हता. मग वाटलें, हा एक प्रकारचा जातिभाव असेल. आपल्या कुळांतली गाडी दिसली म्हणून थांबले. दुसरी असती तर पुढें गेले असते. या शंकेंत माझें थोडें समाधानहि होतें, हें कबूल करतों. उपकाराचें मूळ संकुचित ठरलें कीं ऋण हलकें वाटूं लागतें.

वळणावरच्या टपरींत आम्ही चहा घेत होतों. खरी गोष्ट सांगून टाकावी म्हणून मीं दोनदां घसा साफ केला. इतक्यांत समोर एक नवीकोरी गाडी दिवे लुकलुकवीत थांबली. आंत तरुण जोडपें व एक तान्हें मूल. गृहस्थ अर्धा पेला ठेवून उठले, बॉनेटखालीं डोकावून आले. म्हणाले, “सगळा कॉम्प्युटरचा कारभार. आपल्या पान्याचं तिथं काम नाहीं.” मग आपल्या गाडींतली पाण्याची कळशी व छत्री काढून पुन्हां तिकडे निघाले. गाडी ओढून नेणारा ट्रक यावयास दोन तास लागणार होते. “तुम्ही निघा साहेब, तुमची गरम आहे तोंवर चढून जाईल. मी थांबतों यांच्यापाशीं.”

गाडी खरोखरच एका दमांत घाट चढली. पुण्यास पोंचल्यावर ध्यानांत आलें कीं मीं त्यांचें नांव विचारलें होतें, पण पत्ता विचारण्याचें राहून गेलें.